कर्नाकला दीड तास

इजिप्तला जायचे ठरले की मराठी घरात पहिला प्रश्न येतो तो ‘कुणाबरोबर जाताय?’ हा. यात ‘कोणत्या टूर कंपनीबरोबर’ हे गृहीतच असते, आणि ‘आमचे आम्हीच’ असे उत्तर दिले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी दिसते आणि मग थोडेसे कौतुक. मी दोन्ही तऱ्हांनी जाऊन आले आहे: आईवडिलांना घेऊन एका टूरबरोबर, आणि पुढे नवऱ्याबरोबर स्वतंत्रपणे. त्यामुळे ओळखीपाळखीची मंडळी सल्ला विचारतात, आणि त्यांना खर्च, सुरक्षितता आणि जेवण या तीन गोष्टींबद्दल जाणून घ्यायचे असते. माझ्या मते इजिप्तच्या बाबतीत खरा हिशेब चौथ्याच गोष्टीचा आहे. एखाद्या वास्तूपाशी आपण किती वेळ थांबतो आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी थांबतो, यावर आपण ती पाहिली की नुसती उरकली हे ठरते.

हा वाद फार जुना आहे. ठरवून नेण्याच्या सहलींचा जो व्यवसाय आज जगभर पसरला आहे, त्याचे बरेचसे शिक्षण नाईलवरच झाले. सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, म्हणजे 1869 साली, थॉमस कुक यांनी प्रवाशांची आपली पहिली तुकडी नाईलमधून वर नेली, आणि पुढे त्यांच्या कंपनीच्या आगबोटी ठरलेल्या वेळापत्रकाने नदीत ये-जा करू लागल्या. 1873 च्या अखेरीस अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका दहबिया, म्हणजे शिडाची घरवजा नाव, भाड्याने घेऊन त्याच नदीतून निघाली. कैरोच्या हॉटेलात उतरलेला नवखा माणूससुद्धा कुकचा प्रवासी कोण आणि स्वतंत्र प्रवासी कोण हे पाहताक्षणी ओळखायला लवकरच शिकतो, अशा आशयाचे तिने लिहून ठेवले आहे, आणि लिहिताना नाक किंचित मुरडलेले आहे. मात्र याच बाईंच्या मंडळींनी अबू सिंबेलच्या मंदिरापाशी वाळूत बुजलेली एक रंगीत खोली उकरून काढली आणि तिच्या भिंतीवर आपली नावे कोरून ठेवली. तिथल्या एका महाकाय पुतळ्याच्या तोंडावर पूर्वी कोणी साचा घेताना राहिलेले पांढरे डाग होते, ते त्यांनी खलाशांकडून कॉफी फासून झाकले. पुढे 1882 साली इजिप्तमधील अवशेषांच्या शास्त्रशुद्ध उत्खननासाठी आणि रक्षणासाठी संस्था उभी करण्यात हीच बाई अग्रभागी होती. एकटादुकटा फिरणारा प्रवासी आपोआपच अधिक जाणता आणि अधिक जबाबदार असतो, असा जो समज स्वतंत्र प्रवाशांमध्ये असतो, तो तिच्या उदाहरणापुरता तरी टिकत नाही.

टूरचा दिवस कसा बांधलेला असतो हे आधी पाहू. आपल्याकडच्या सहलींमध्ये ‘सहा-सात-आठ’ हा मंत्र सर्वांना पाठ असतो: सहाला उठायचे, सातला नाश्ता, आठला बस. इजिप्तमध्ये उन्हामुळे त्याचे ‘चार-पाच-सहा’ होते, आणि ते योग्यच आहे. अडचण लवकर उठण्याची नाही, सगळ्यांनी एकदमच उठण्याची आहे. लक्सर आणि अस्वान यांच्यामध्ये चालणाऱ्या क्रूझच्या बोटी संख्येने इतक्या आहेत की धक्क्यावर त्या एकीला लागून एक अशा उभ्या राहतात आणि आपल्या बोटीवरून किनाऱ्यावर उतरण्यासाठी मधल्या चार-पाच बोटींच्या स्वागतकक्षांतून आरपार चालत जावे लागते. एस्नाच्या बंधाऱ्यापाशी प्रत्येक बोटीला जलपाशातून, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करणाऱ्या कोंडीतून, उतरावे किंवा चढावे लागत असल्याने तिथे रांग लागते, आणि त्या रांगेचा फायदा घेऊन लहान होड्यांतले विक्रेते टेबलक्लॉथ आणि झगे प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर नेमके फेकतात. पटले तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही पटले तर माल परत. माझ्या आईने आयुष्यात केलेल्या सर्वांत आनंदी घासाघिशींपैकी ती एक होती, आणि ती टूरशिवाय झाली नसती हे मान्य केले पाहिजे.

पण हीच रांग पुढे देवळात येते. एडफूला बोटी लागतात आणि धक्क्यावरून शेकडो माणसे टांग्यांत बसून एकाच वेळी होरस या देवाच्या मंदिराकडे निघतात. इ. स. पू. 237 ते 57 या काळात टॉलेमी घराण्याच्या राजवटीत बांधलेले हे मंदिर इजिप्तमधील सर्वांत उत्तम टिकलेल्या मंदिरांपैकी एक आहे, आणि त्याचे वैभव त्याच्या भिंतींवरील कथेत आहे. मुख्य मंदिराभोवतीच्या बोळासारख्या मोकळ्या प्रदक्षिणामार्गाच्या भिंतीवर होरस आपल्या बापाच्या वैऱ्याला, सेथला, भाल्याने टोचताना कोरला आहे. सेथ पाणघोड्याच्या रूपात आहे, परंतु तो पाणघोडा मांजरीएवढा लहान काढलेला आहे, कारण कोरलेले चित्र जिवंत होऊ शकते अशी श्रद्धा असताना दुष्ट प्राणी मोठा काढणे धोक्याचे होते. हा लहानसा पाणघोडा शोधायला भिंतीजवळ उभे राहून थोडे चालावे लागते. टूरमधील आमच्या गटाला तो बोळ दुरून दाखवण्यात आला, कारण परतीचे टांगे बाहेर थांबले होते आणि बोट सुटायची वेळ झाली होती. कोम ओम्बोला मावळतीच्या वेळी पुन्हा हेच होते. सोबेक आणि होरस या दोन देवांसाठी दोन समांतर गाभारे असलेले हे जुळे मंदिर अगदी धक्क्यावर असल्याने सगळ्या बोटींची माणसे तासाभरात त्यातून पार होतात. पण तिथे तासभर पुरतो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

माझी तक्रार लक्सरच्या कर्नाक या अवाढव्य मंदिरसमूहाबद्दल आहे, कारण कर्नाकलाही जवळपास तितकाच वेळ मिळतो. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला दीड तास होता, त्यातला निम्मा मार्गदर्शकाच्या माहितीत गेला आणि उरलेल्या वेळात माणसांनी 134 खांबांच्या त्या दालनात एकमेकांचे फोटो काढले. आता त्या दालनाचेच पाहा. त्याचा उत्तरेकडचा भाग सेती पहिला या राजाने सजवला आणि दक्षिणेकडचा बहुतांश भाग त्याचा मुलगा रॅमसिस दुसरा याने. बापाच्या बाजूची शिल्पे उठावाची आहेत, म्हणजे भोवतालचा दगड तासून आकृती वर ठेवलेली. मुलाच्या बाजूची आकृती दगडात खोल उतरवलेली. एरवी इजिप्तचे कारागीर मंदिराच्या आतल्या मंद उजेडात उठावाचे काम करीत आणि बाहेरच्या उघड्या भिंतींवर खोल कोरीत, कारण प्रखर उन्हात खोल कडेची सावलीच आकृतीची रेघ होते. उठावाच्या कामाला दगड जास्त काढावा लागतो आणि वेळ जास्त लागतो. रॅमसिसला सगळेच मोठे आणि लवकर हवे होते. हा फरक एकदा डोळ्यांनी पकडला की इजिप्तमधल्या कोणत्याही भिंतीपुढे उभे राहून आपण काहीतरी वाचू लागतो. मात्र तो पकडायला तिरपा प्रकाश लागतो. सकाळी सहाला दार उघडते तेव्हा आणि दुपार कलल्यावर खोल कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरलेली असते. भर दुपारी तीच भिंत सपाट, पांढरट आणि मुकी दिसते. स्वतंत्र गेलो तेव्हा आम्ही तिथे उजाडताच गेलो आणि मनसोक्त थांबलो. बसगाड्या येऊ लागल्या तेव्हा मागच्या बाजूच्या उघड्या अंगणांत सरकलो, कारण तिथवर गट सहसा येत नाहीत.

प्रहराचे महत्त्व आपल्या आधीच्या प्रवाशांना नीट ठाऊक होते. नाईलच्या पश्चिम तीरावर शेतांच्या कडेला अमेनहोतेप तिसऱ्याचे दोन बसलेले प्रचंड पुतळे आहेत, त्यांना मेम्नॉनचे पुतळे म्हणतात. इ. स. पू. 27 च्या भूकंपात उत्तरेकडचा पुतळा भंगला आणि त्यानंतर पहाटे त्यातून आवाज येऊ लागला, बहुधा उगवत्या उन्हाने दगड तापल्यामुळे. तो ऐकायला रोमन साम्राज्यातून माणसे येत. इ. स. 130 मध्ये खुद्द सम्राट हेड्रियन आला, आणि त्याच्या परिवारातील ज्युलिया बाल्बिला या कवयित्रीच्या कविता पुतळ्याच्या पायावर कोरलेल्या आजही आहेत. तिथे ग्रीक आणि लॅटिनमध्ये कोरून गेलेल्यांपैकी अनेकांनी आवाज कोणत्या तासाला ऐकला याचीही नोंद केली आहे. पुढे पुतळ्याची डागडुजी झाली आणि आवाज बंद पडला. आज टूरच्या बसगाड्या तिथे दहा मिनिटे थांबतात, बहुतेक वेळा राजांच्या थडग्यांच्या खोऱ्याकडून परतताना, म्हणजे ऊन चांगले डोक्यावर आल्यावर.

राजांच्या खोऱ्यात तर टूरचा मुख्य फायदाच हातातून निसटतो. तिथे थडग्यांच्या आत मार्गदर्शकांना माहिती सांगण्यास मनाई आहे, कारण अरुंद वाटा तुंबतात आणि श्वासांच्या दमटपणाने रंग खराब होतात. त्यामुळे मार्गदर्शक बाहेर सावलीत नकाशे आणि चित्रे दाखवून सगळे सांगून टाकतो आणि मग तुम्ही आत एकटेच जाता. साध्या तिकिटावर उघड्या असलेल्यांपैकी तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन, सेती पहिला आणि रॅमसिस पाचवा-सहावा यांच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते. गटाला कोणती तीन दाखवायची हे बसथांब्याहून किती चालावे लागते यावर ठरते, आणि त्यात टूरवाल्यांचा दोष नाही, कारण चाळीस माणसांत निदान दहा जणांचे गुडघे दुखत असतात.

आमच्या गुडघ्यांनी तोवर साथ सोडलेली नसल्याने आम्ही खोऱ्याच्या अगदी टोकाला, थुतमोस तिसऱ्याच्या थडग्याकडे गेलो. कड्याच्या खाचेत उंचावर त्याचे दार आहे, तिथवर लोखंडी जिना चढायचा आणि मग डोंगराच्या पोटात तितकेच खाली उतरायचे. आत हवा कोंदट असते आणि घाम डोळ्यांत येतो. तळाशी राजाच्या नावाभोवती काढतात तशा लंबगोल चौकटीच्या आकाराची दफनाची खोली आहे आणि तिच्या पिवळसर भिंतींवर सूर्यदेवाच्या रात्रीच्या बारा तासांचा प्रवास काळ्या-तांबड्या शाईच्या बारीक रेघांनी काढला आहे. इतर थडग्यांतल्या भरीव, रंगवलेल्या देवांपुढे हे देव काड्यांचे वाटतात. एखादी पपायरसची गुंडाळी उलगडून खोलीभर चिकटवावी, तशी ती भिंत आहे. एका खांबावर झाडाच्या रूपातली इसिस देवी लहान राजाला दूध पाजते आहे: झाडाला एक हात आहे, एक स्तन आहे, आणि बाकी सगळे झाडच. पहारेकऱ्याने विजेरी दाखवून ते चित्र उजळले आणि मग बक्षिसीसाठी हात पुढे केला. विजेरीची गरज नव्हती, पण आम्ही दिली. तिथे चढून येणारे लोक थोडे, तेव्हा त्याचीही कमाई बेताचीच असणार.

टूरच्या पत्रिकेत क्वचितच दिसणारे एक नाव मेदिनेत हाबू. रॅमसिस तिसऱ्याचे हे मंदिर पश्चिम तीरावरच, मेम्नॉनच्या पुतळ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मला विचाराल तर लक्सरमध्ये एकच मंदिर पाहायचे असेल तर ते हेच. दरवाजा किल्ल्याच्या बुरुजासारखा, भिंतींवर समुद्रावरून चाल करून आलेल्या टोळ्यांशी झालेली लढाई, आणि अंगणात युद्धानंतरचा हिशेब: शत्रूंचे तोडलेले हात ढिगाने ओतले आहेत आणि कारकून ते मोजून लिहून घेत आहेत. दुसऱ्या अंगणात छताखाली निळा आणि तांबडा रंग अजून शिल्लक आहे. राजाची नावे इतकी खोल कोरली आहेत की त्यांत मनगटापर्यंत हात जातो आणि पारव्यांनी काही अक्षरांत घरटी केली आहेत; पुढच्या राजाला ती पुसून आपले नाव घालता येऊ नये, असे इतके खोल कोरण्याचे कारण सांगितले जाते. ज्या रॅमसिसने ही कीर्ती कोरून घेतली, त्याच्याच कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी जवळच्या देइर अल-मदिना गावातले थडगी खोदणारे कारागीर मजुरीपोटी थकलेल्या धान्यासाठी काम टाकून मंदिरांपाशी जाऊन बसले. इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप मानला जातो आणि त्याची हकिकत असलेला पपायरस इटलीत ट्यूरिनच्या संग्रहालयात आहे. मंदिर आणि कारागिरांचे गाव ही दोन्ही एकाच दुपारी पाहिली तर राजाची बाजू आणि कामगाराची बाजू शेजारी शेजारी दिसते. टूरमधली ती दुपार आमची अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या कारखान्यात गेली होती, जिथे बाहेर दोन माणसे दगड घासत बसली होती आणि आत भरपूर यंत्रावर केलेला माल होता.

आता टूरच्या बाजूने बोलले पाहिजे, आणि ते नुसत्या सौजन्यापोटी नव्हे. अबू सिंबेल अस्वानपासून सुमारे 280 किलोमीटर दूर, वाळवंटातून जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी आहे. टूरच्या गाड्या त्यासाठी पहाटेच्याही आधी निघतात, प्रवासी झोपेला शिव्या घालतात, पण मंदिराचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळच्या उन्हात रॅमसिसचे चारही आसनस्थ पुतळे, एक भंगलेला धरून, जसे दिसतात तसे दुपारी दिसत नाहीत. 1964 ते 1968 या काळात धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी हे मंदिर कापून 65 मीटर उंच हलवताना त्याची दिशा कटाक्षाने सांभाळली गेली, ती या उन्हासाठीच. इथे टूरचे घड्याळ आणि वास्तूचे घड्याळ जुळते. गर्दी नको असेल तर आदल्या रात्री गावात मुक्काम करून गाड्या पोचण्याच्या आधी दारात उभे राहणे हा मार्ग आहे. दुपारी जाऊन मंदिर रिकामे मिळते खरे, पण पुतळे सावलीत मिळतात.

गिझालाही ज्येष्ठांना घेऊन जायचे तर गट बरा. ‘हे दार बंद आहे, इकडून या’ असे सांगून तबेल्याकडे वळवणारे, उंटावर चढवायला थोडे आणि उतरवायला जास्त मागणारे लोक गटाच्या वाटेला जात नाहीत, एकट्यादुकट्याला मात्र चिकटतात. सुरक्षिततेची भीती कुठून आली हेही विसरून चालणार नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये लक्सरच्या पश्चिम तीरावर देइर अल-बहारी येथे हत्शेपसुत राणीच्या मंदिरात दहशतवाद्यांनी 62 माणसे मारली, त्यात 58 परदेशी पर्यटक होते, आणि त्यानंतर कित्येक वर्षे परदेशी प्रवाशांना पोलिसांच्या ताफ्यातूनच एका गावाहून दुसऱ्या गावी जावे लागे. आज लक्सरमध्ये आम्ही सरकारी फेरीबोटीने पश्चिम तीरावर गेलो, भाड्याच्या सायकली घेतल्या आणि दिवसभर हिंडलो, आणि जो त्रास झाला तो फक्त टॅक्सीवाल्यांच्या आग्रहाचा.

स्वतंत्र प्रवासाची खरी उणीव वेगळीच आहे. कैरोजवळ सक्काराला जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आणि दहशूरला स्नेफेरू राजाचा वाकडा पिरॅमिड, ज्याचा उतार अर्ध्यावर सुमारे 54 अंशांवरून 43 अंशांवर आणला गेला, हे दोन्ही दिवसभराची गाडी ठरवून सहज होतात आणि दहशूरला माणसेही तुरळक असतात. पण माहिती नसेल तर दुसरा पिरॅमिड हा पहिल्यासारखाच एक दगडांचा ढीग वाटतो. टूरचा मार्गदर्शक बहुधा इजिप्तविद्या शिकलेला आणि परवानाधारक असतो, आणि आमच्या टूरमधला तर उत्तम होता. त्याला दीड तासात कर्नाक सांगायला लावणे हा त्याच्यावरच अन्याय होता. म्हणून स्वतंत्र जाणाऱ्यांनी असा मार्गदर्शक निदान लक्सरच्या पहिल्या दिवसासाठी स्वतः ठरवावा. चौघांत त्याचा खर्च जाणवत नाही आणि पुढचे दिवस त्याने दिलेल्या शिदोरीवर निघतात. बहुतेक मोठ्या स्थळांच्या तिकीटखिडकीवर आता रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा परदेशात चालणारे कार्ड जवळ हवे, आणि बक्षिसीसाठी सुट्या नोटा वेगळ्या.

ज्यांना टूरनेच जायचे आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी प्रत्येक स्थळी किती वाजता पोचणार आणि किती वेळ थांबणार हे लेखी मागावे. हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा ती माहिती अधिक उपयोगी पडते. शिवाय क्रूझच्या बोटी लक्सरला मुक्कामाला असतात, तेव्हा पत्रिकेत एखाद्या दुपारपुढे ‘विश्रांती’ असे लिहिलेले असते. त्या दुपारी टूर मॅनेजरला सांगून, लक्सर मंदिरासमोरच्या धक्क्यावरून सरकारी फेरी पकडावी, पलीकडे टॅक्सीचे जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे भाडे आधीच बोलून घ्यावे, आणि मेदिनेत हाबूचे तिकीट मंदिराच्या दारातच मिळेल असे धरून न चालता मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या तिकीट कार्यालयात आधी चौकशी करावी. मंदिर संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून तीनच्या सुमाराला निघालात तर रात्रीच्या जेवणाला बोटीवर परत याल.